गावाचा पुरस्कार आणि गावाचे काम

संत गाडगेबाबा एखाद्या गावी येत, तेव्हा त्यांच्या हाती खराटा असे. दिवसा गावचे रस्ते झाडावेत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करून लोकांच्या मनातील अज्ञान व रूढी यांचा केर काढावा, असा त्यांचा परिपाठ होता. 1876 मध्ये जन्मलेल्या या थोर लोकशिक्षकाने 1956 मध्ये देह ठेवला. पुढे 2000-01 या वर्षी तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि स्वच्छतेत अग्रेसर ठरणाऱ्या गावांना रोख पुरस्कार देण्याची योजना आखली.

ज्या सत्पुरुषाने सेवेचा मोबदला कधी घेतला नाही, त्याच्या नावाने बक्षिसे वाटावीत हे कित्येकांना प्रथम विसंगत वाटले. परंतु या योजनेचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. पुरस्काराची रक्कम मर्यादित होती. तिच्या अनेक पट मोलाचे काम गावोगावच्या लोकांनी आपल्या श्रमातून व वर्गणीतून उभे केले. गटारे वाहती झाली, उकिरडे गावाबाहेर गेले, शाळांच्या भिंती रंगल्या. त्याचबरोबर असेही दिसून आले की, काही गावे परीक्षणाच्या दिवशी लखलखीत असत आणि वर्ष लोटण्याच्या आत पूर्वपदावर येत.

असे का घडते आणि ते टाळण्यासाठी ग्रामकार्यकर्त्याने काय करावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण कोणत्याही स्पर्धेत बक्षीस मिळवणारी गावे थोडी असतात आणि न मिळवणारी गावे फार असतात. स्पर्धेची तयारी अशी झाली पाहिजे की, बक्षीस न मिळालेल्या गावाचेही श्रम वाया जाऊ नयेत.

पुरस्कारांचे तीन प्रकार

ग्रामीण भागात दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार व्यक्तीच्या सन्मानाचा. स्वातंत्र्योत्तर काळात पीकस्पर्धांतून उत्तम उत्पादन काढणाऱ्या शेतकऱ्यास ‘कृषि पंडित’ ही पदवी दिली जाई. आज राज्य शासनाचे कृषिभूषण, शेतीनिष्ठ शेतकरी, तसेच महिला शेतकऱ्यांसाठी जिजामाता कृषिभूषण असे पुरस्कार आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे गावठी वाणांच्या बियाण्यांचे जतन करणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. तो मान एका स्त्रीचा असला, तरी त्यामुळे परसबागेतील वाल, घेवडा व भाताचे जुने वाण जपणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या कामाकडे समाजाचे लक्ष वेधले गेले.

दुसरा प्रकार गटाच्या सन्मानाचा. बचत गट, युवक मंडळ, संयुक्त वनव्यवस्थापन समिती, शेतकऱ्यांचा गट यांना असा पुरस्कार मिळतो. वनसंरक्षणात चांगले काम करणाऱ्या समित्यांसाठी असलेली संत तुकाराम वनग्राम योजना या प्रकारात येते.

तिसरा प्रकार संपूर्ण गावाच्या सन्मानाचा. ग्रामस्वच्छता अभियान, 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, पाणी फाउंडेशन या संस्थेने 2016 ते 2019 या काळात घेतलेली ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा आणि 2025 मध्ये सुरू झालेले मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान ही त्याची उदाहरणे होत.

व्यक्तीच्या पुरस्कारात झालेल्या कामाचा गौरव असतो. गावाच्या पुरस्कारात गौरवापेक्षा लोकांना कामास प्रवृत्त करणे हा हेतू मोठा असतो. म्हणून गावाच्या स्पर्धेत उतरताना ‘आम्हांस बक्षीस मिळेल काय?’ असे विचारण्यापूर्वी ‘या निमित्ताने आमची कोणती अडचण दूर होईल?’ असे ग्रामसभेत विचारले जावे.

गुणपत्रिका हाच कामाचा आराखडा

ग्रामस्वच्छता अभियानात गावांचे परीक्षण टप्प्याटप्प्याने होते. खालच्या स्तरावर निवडलेली गावे जिल्ह्याच्या, पुढे विभागाच्या आणि अखेर राज्याच्या स्पर्धेत उतरतात. पिण्याचे पाणी, शौचालयांचा वापर, सांडपाणी, घनकचरा, घर व परिसर यांची स्वच्छता, वैयक्तिक स्वच्छता आणि लोकसहभाग अशा विषयांवर गुण दिले जातात. शाळांसाठी सानेगुरुजींच्या आणि अंगणवाड्यांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने स्वच्छतेच्या स्पर्धाही या अभियानाशी जोडण्यात आल्या.

ही गुणपत्रिका परीक्षकांच्या उपयोगाची आहे असे समजून ती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली जाते, ही मोठी चूक होय. चांगला ग्रामकार्यकर्ता ती आरंभीच ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवतो. प्रत्येक विषयात गाव आज कोठे आहे, हे लोकांनीच ठरवावे आणि स्वतःस गुण द्यावेत. असे केल्याने दोन लाभ होतात. एक तर गावाचे उणे कोणा बाहेरच्या माणसाने दाखवण्यापूर्वी गावास स्वतः दिसते. दुसरे असे की, वर्षाअखेर त्याच कागदावर पुन्हा गुण देऊन प्रगती मोजता येते. शेजारचे गाव पुढे गेले की मागे राहिले, याच्याशी या मोजणीचा संबंध नसतो. 40 गुणांवरून 65 गुणांवर आलेल्या गावाने बक्षीस गमावले असले, तरी 25 गुणांची कमाई त्याच्या पदरी राहतेच.

परीक्षणाच्या आधी आठ दिवस घाईने केलेली कामे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. चुना मारलेले दगड, रंगवलेल्या पाट्या आणि झाडलेले रस्ते एका दिवसात होऊ शकतात. शोषखड्ड्यात सांडपाणी नीट मुरते किंवा नाही, शौचालयात पाण्याची सोय आहे किंवा नाही, पाण्याच्या टाकीत नियमित क्लोरीन टाकल्याची नोंद आहे किंवा नाही, या गोष्टी एका दिवसात उभ्या करता येत नाहीत. कार्यकर्त्याने आपले लक्ष या दुसऱ्या प्रकारच्या कामांवर ठेवावे.

श्रमदानाचे मोजमाप

वॉटर कप स्पर्धेचा पहिला प्रयोग 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाला. 116 गावे त्यात उतरली. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे वेळू हे गाव पहिले आले आणि त्यास 50 लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. 2017 मध्ये वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा, 2018 मध्ये सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील टाकेवाडी आणि 2019 मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील सुर्डी या गावांनी पहिला क्रमांक पटकावला.

या स्पर्धेतून शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे कामापूर्वीचे प्रशिक्षण आणि कामानंतरचे मोजमाप. गावातील निवडक स्त्री-पुरुषांना आधी पाणलोटाचे शास्त्र शिकवले जाई. माथ्यापासून पायथ्याकडे काम का करावयाचे, समपातळी रेषा कशी आखावयाची, चर कोठे व बांध कोठे घालावयाचा, हे समजून घेऊन मगच कुदळ उचलली जाई. त्यानंतर सुमारे 45 दिवस श्रमदान चाले.

श्रमदानाचे मोल लोकांना पटावे म्हणून त्याचा हिशोब मांडून दाखवणे उपयुक्त ठरते. 60 सेंटीमीटर रुंद व 30 सेंटीमीटर खोल अशा सलग समपातळी चराच्या एक मीटर लांबीत 0.18 घनमीटर, म्हणजे 180 लिटर पाणी मावते. 50 माणसांनी सकाळच्या प्रहरी प्रत्येकी 2 मीटर चर खोदला, तर त्या दिवशी 100 मीटर चर तयार होतो आणि त्यात एका वेळी 18,000 लिटर पाणी साठते. हाच क्रम 45 दिवस चालला, तर 8,10,000 लिटर पाणी अडवण्याची सोय होते. पावसाळ्यात चर पाच वेळा भरून जिरला, असे धरल्यास हा आकडा 40 लाख लिटरच्या वर जातो. एक हेक्टर पिकास 5 सेंटीमीटर खोलीची एक पाळी देण्यास 5 लाख लिटर पाणी लागते. जिरलेले सर्व पाणी विहिरीत उतरत नाही. काही ओल म्हणून जमिनीत राहते, काही शिवाराबाहेर पाझरते. तरीही सकाळच्या दोन तासांच्या श्रमांचा पिकाशी असलेला संबंध या हिशोबावरून शेतकऱ्याच्या ध्यानात येतो.

लांबीबरोबर कामाचा दर्जाही पाहिला पाहिजे. चर समपातळीत नसेल, तर पाणी सखल टोकाकडे धावते, तेथे भराव फुटतो आणि खालची माती वाहून जाते. असा 500 मीटर चर नीट आखलेल्या 200 मीटर चरापेक्षा हानिकारक होय. स्पर्धेच्या ओढीने लांबी वाढवण्याकडे लोकांचा कल होतो. तेथे कार्यकर्त्याने पातळी तपासण्याचा आग्रह धरावा, मग दिवसाचा आकडा कमी दिसला तरी चालेल.

नोंदवहीत कोणाची नावे?

गावाचा पुरस्कार स्वीकारण्यासाठी व्यासपीठावर सरपंच, उपसरपंच व काही पुढारी जातात. कामाच्या ठिकाणी मात्र टोपल्या वाहणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. ज्यांच्या मालकीची गुंठाभर जमीन नाही असे मजूरही चर खोदतात, आणि अडलेले पाणी मात्र दुसऱ्याच्या विहिरीत उतरते. या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले, तर दुसऱ्या वर्षी श्रमदानास माणसे येत नाहीत आणि ‘लोक आळशी झाले’ असा चुकीचा दोष त्यांच्यावर येतो.

यासाठी रोजची हजेरीवही काटेकोरपणे ठेवावी. घराच्या प्रमुखाचे नाव लिहून काम भागवू नये. प्रत्यक्ष आलेल्या व्यक्तीचे, विशेषतः स्त्रीचे, स्वतंत्र नाव लिहावे. आठवड्याची नोंद चावडीवर किंवा शाळेच्या फळ्यावर लावावी. पुरस्कार मिळाल्यास ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. न मिळाल्यास ती अधिकच अगत्याने वाचावी. ज्याच्या श्रमाची गावाने दखल घेतली, तो पुन्हा येतो.

भूमिहीनांच्या वाट्यास या कामातून काय येणार, याचाही निर्णय आधीच व्हावा. गायरानातील गवताचा हक्क, रोजगार हमीच्या कामांत प्राधान्य, गावतळ्यातील मासेमारी अशा काही गोष्टी ग्रामसभा नियमानुसार ठरवू शकते. असा निर्णय बक्षिसाची रक्कम हाती आल्यावर करावयास घेतला, तर वाद माजतो. काम सुरू होण्यापूर्वी तो करणे सोपे जाते.

पुरस्काराच्या मोहाचे धोके

जे मोजले जाते तेच केले जाते, हा सर्व स्पर्धांचा स्वभाव आहे. म्हणून चुकीची गोष्ट मोजली गेल्यास चुकीचेच काम वाढते. तंटामुक्त गाव मोहिमेत ग्रामसभेने निवडलेली समिती गावातील वाद सामोपचाराने मिटवण्याचा प्रयत्न करते. बांधाचे, वाटेचे, वाटणीचे असंख्य तंटे कोर्टाच्या पायऱ्या न चढता मिटावेत, हा हेतू स्तुत्य आहे. परंतु मिटलेल्या तंट्यांच्या संख्येवर गावाचा मान अवलंबून असला, म्हणजे दुर्बळ पक्षाने निमूटपणे तडजोड करावी, असा दबाव येण्याचा संभव असतो. विधवेच्या जमिनीचा हक्क किंवा सुनेचा छळ अशा प्रकरणी गावाच्या नावलौकिकासाठी एखाद्या स्त्रीस गप्प बसवणे हा तंटा मिटवणे नव्हे. जे वाद कायद्याने आपसांत मिटवता येतात, तेवढेच समितीने हाताळावेत आणि दोन्ही पक्षांची संमती खरी आहे याची खात्री करून घ्यावी. इतर प्रकरणांत तक्रारदारास पोलिसांकडे किंवा विधि सेवा प्राधिकरणाकडे जाण्याचा मार्ग दाखवणे हेच समितीचे कर्तव्य होय.

दुसरा धोका गटबाजीचा. निवडणुकीच्या तोंडावर मिळालेल्या पुरस्काराचे श्रेय एका पॅनेलने घेतले, की दुसरे पॅनेल त्या कामापासून दूर होते आणि पुढे केलेल्या कामाची निगा राखण्यास कोणी उरत नाही. याकरिता स्पर्धेची समिती नेमतानाच तिच्यात दोन्ही बाजूंची माणसे, प्रत्येक वस्तीचा एक प्रतिनिधी आणि पुरेशा स्त्रिया असाव्यात.

पुरस्कारानंतर

केंद्र सरकारने 2003 मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला व 2005 मध्ये तो प्रथम दिला गेला. संपूर्ण हागणदारीमुक्त झालेल्या ग्रामपंचायतींसाठी तो होता. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती त्यात आघाडीवर राहिल्या. परंतु पुढील काळात केलेल्या पाहण्यांत असे आढळले की, पुरस्कार मिळालेल्या अनेक गावांत शौचालये असूनही त्यांचा वापर सर्वांकडून होत नव्हता. कोठे पाणी नव्हते, कोठे खड्डा भरला होता, कोठे खोलीचा उपयोग सरपण ठेवण्यासाठी होऊ लागला होता. बांधकाम झाले, सवय मात्र लागली नाही. पुरस्कार बांधकामास लवकर मिळतो. सवय लागण्यास वर्षे लागतात.

याउलट हिवरे बाजारचे उदाहरण पाहावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील या अल्प पावसाच्या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली आदर्श गाव योजनेतून पाणलोटाचे काम केले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन ही बंधने गावाने स्वीकारली. मात्र गावाचे वेगळेपण पुढच्या काळात दिसून आले. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, अति पाणी लागणारी पिके घ्यावयाची नाहीत आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून त्यानुसार पिके ठरवावयाची, असे नियम गावाने केले आणि पाळले. पवार यांना 2020 मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली, तोवर ही शिस्त गावाच्या अंगवळणी पडली होती.

वॉटर कपच्या संयोजकांनीही असाच बोध घेतल्याचे दिसते. 45 दिवसांच्या स्पर्धेऐवजी त्यांनी 2020 मध्ये समृद्ध गाव स्पर्धा आखली. तिची मुदत 18 महिन्यांची होती आणि पाणी अडवण्याबरोबर पाण्याचा काटकसरीने वापर, गवत व झाडे यांची वाढ, जमिनीचे आरोग्य या गोष्टींनाही तिच्यात स्थान होते. पुढे 2022 पासून शेतकऱ्यांच्या गटांसाठी ‘फार्मर कप’ सुरू झाला. चर खोदण्यापासून निघालेली ही वाट गटाने शेती करण्यापर्यंत आली.

ग्रामकार्यकर्त्यासाठी काही सूचना

1. स्पर्धेत उतरण्याचा निर्णय ग्रामसभेत घ्यावा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी परस्पर अर्ज भरू नये.

2. गुणपत्रिका आरंभी, मध्ये व अखेरीस अशी तीन वेळा गावाने स्वतः भरावी.

3. प्रत्येक कामाबरोबर त्याची निगा कोण राखणार, हे नाव घेऊन ठरवावे. शोषखड्ड्यातील गाळ काढणे, चरातील माती उपसणे, झाडांना उन्हाळ्यात पाणी घालणे ही कामे वस्तीवार वाटून द्यावीत.

4. पुरस्काराची रक्कम त्या योजनेच्या नियमांनुसारच खर्च करावी. नियमांत बसत असेल, तर तिचा काही भाग देखभालीसाठी राखून ठेवावा. कमान, पुतळा किंवा सत्कार समारंभ यांवर ती उधळू नये. खर्चाचा हिशोब ग्रामसभेपुढे मांडावा.

5. पुरस्कार मिळाल्यास किंवा न मिळाल्यास, निकालानंतर एका महिन्याच्या आत ग्रामसभा बोलवावी. काय साधले, काय राहिले आणि पुढील वर्षी काय करावयाचे, हे ठरवावे. ही सभा टळली, तर काम तेथेच थांबते.

निकालाच्या दिवशी

2016 मध्ये वॉटर कपमध्ये उतरलेल्या 116 गावांपैकी मोजक्याच गावांच्या हाती पारितोषिक आले. उरलेली गावे रिकाम्या हाताने परतली, असे वरवर पाहता वाटेल. परंतु ज्या गावांनी नीट समपातळीत चर खोदले होते, त्यांच्या शिवारात पावसाचे पाणी थांबलेच. पाऊस निकाल पाहून पडत नाही. पहिल्या आलेल्या गावाच्या चरात जेवढे पाणी मुरते, तेवढेच त्याच मापाच्या, त्याच जमिनीतील, शेवटच्या क्रमांकाच्या गावाच्या चरातही मुरते.

निकाल ऐकून निराश झालेल्या स्वयंसेवकांना कार्यकर्त्याने हेच दाखवून द्यावे. त्यांना घेऊन पहिल्या मोठ्या पावसानंतर माळावर जावे, भरलेले चर पाहावेत, विहिरीच्या पाण्याची पातळी दोरीने मोजून वहीत लिहावी. त्याच वहीत उन्हाळ्यात घामाने भिजून आलेल्यांची नावे आहेत. ती नावे आणि पाण्याची ती मापे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिलेली असावीत आणि दरवर्षी त्यांत भर पडत राहावी. ज्या गावात अशी वही राखली जाते, तेथे पुढील उन्हाळ्यात श्रमदानासाठी दवंडी पिटल्यावर माणसे पुन्हा कुदळ-फावडे घेऊन घराबाहेर पडतील.